पूर्वापार चालत आलेलं भोक

हॉटेलातले पाहुणे जीपमध्ये घालून मी एल सेइबोच्या डोंगरात फिरवतो. आधी कोकोची बाग, मग नदी आणि शेवटी 'खेड्यातलं जुनं घर'. ते घर माझ्या सासूबाईंचं, डोन्या एउदोसियांचं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या पत्र्याला मोठं भोक आहे. ते बुजवून देतो, असं मी त्यांना दोन वर्षं सांगत होतो; आणि पाहुण्यांना सांगत होतो की चुलीचा धूर थेट देवाकडे जावा म्हणून आमच्याकडे पूर्वापार असं भोक ठेवतात. सासूबाई कुरकुरल्या की म्हणायचो, "राहू द्या हो, लोक लांबून बघायला येतात." परवा आठ पाहुणे कॉफी पीत असताना पावसाची सर आली आणि धार नेमकी एका बाईंच्या कपात पडली. "मग पावसात काय करता?" बाईंनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईच बोलल्या, आणि तेही इंग्रजीत. दोन वर्षं माझी बडबड ऐकून त्यांना ती येऊ लागली होती. "पावसात थोरला जावई वर चढून भोकावर बसतो. पूर्वापार." आठही जणांनी मोबाइल बाहेर काढले. मी चढलो, बसलो, पाऊण तास भिजलो. खालून फोटो निघत राहिले. दुसऱ्या दिवशी उजाडताच नवा पत्रा खांद्यावर घेऊन मी दारात हजर. सासूबाई दार अडवून उभ्या. "राहू द्या हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "लोक लांबून बघायला येतात."