खपली

“पुतण्याने काल कोयता मारला,” ठाकुर्लीचे काळुराम दंड पुढे करून म्हणाले. जमीन विकायला नकार देणारा तो पुतण्या कोठडीत होता. डॉक्टर आसावरीने भिंगातून पाहिलं: खपली कडेने सुटत आलेली, खाली नवी गुलाबी कातडी. “काका, ही कालची नाही. आठवडा तरी झालाय.” “कालचीच लिहा, मॅडम. कल्याणमध्ये राहायचंय ना?” तिने ‘आठवड्यापूर्वीची’ असंच लिहिलं. काळुरामांनी टेबलावर मूठ आपटली. तेवढ्यात दाराशी उभी असलेली त्यांची बायको ठमाबाई पुढे आली. “मीच मारला कोयता. पोराला कोठडीतून सोरा.” “थोबाड बंद कर!” काळुराम तिच्या अंगावर धावले, सोबतच्या हवालदाराने त्यांना बाहेर ओढलं. ठमाबाईने पाठ फिरवून पोलकं वर केलं. काळेनिळे, हिरवट, पिवळे वळ एकमेकांवर चढले होते. “ये कवाचे, ते पन लिवा.”