पाच वाजून दोन मिनिटांनी

"मला ढकलत नेणार? चाकांच्या खुर्चीवरून?" मित्सुएने गुडघ्यावरची शेकायची पिशवी सारखी केली. "अख्खं गाव बघेल. मी नाही येणार."

"अगं, पण आजचा शेवटचा." कात्सुनोरी लाल छत्री हातात धरून दाराशी उभा होता. "पाचचा फोटो निघाला की कॅमेरा काढणार. उद्यापासून तो वर धरणापाशी."

कुरे नदीच्या पुरावर नजर ठेवायला नगरपालिकेने पुलासमोर बसवलेला तो कॅमेरा. दर दहा मिनिटांनी एक फोटो, कुणीही संगणकावर पाहावा. गावाच्या भोंग्यावर पाचची धून वाजायची तेव्हा मित्सुए टोफू आणायला निघालेली असायची. पुलावर थांबून ती छत्री उंच करायची. नवरा तिकडे नागोयाच्या कारखान्यात, एकटा, अकरा वर्षं. पाचला तो कामावर, मग बघणार कसा? म्हणून त्याने पुस्तक समोर ठेवून पायथन या संगणकभाषेत वीसेक ओळी खरडल्या. खोलीवरचा संगणक रोज पाच वाजून दोन मिनिटांनी नदीचं पान स्वतःच उघडायचा, स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यावर तारीख घालून ठेवून द्यायचा आणि पान मिटायचा. कामावरून आल्यावर कात्सुनोरी बायकोला बघत जेवायचा. गेल्या वसंतात तो निवृत्त होऊन घरी आला, तरी त्या वीस ओळी बंद करणं काही त्याच्याच्याने झालं नाही.

आता तो संगणक स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता आणि मित्सुए सकाळपासून फोटो बघत बसली होती. सगळे असे ओळीने तिने कधी बघितलेच नव्हते. पिवळा रेनकोट घातलेली ती. बर्फात नुसती छत्रीच दिसणारी ती. केस किती काळे होते तेव्हा, आणि चाल कशी ताठ. तिला त्या बाईचा हेवा वाटला.

मग रिकामा पूल आला. पुढच्या फोटोतही रिकामा. असे सहा दिवस.

"हे कशाला ठेवलेत? यात मी कुठंय?"

कात्सुनोरी जवळ येऊन वाकला. तारीख बघून त्याने मान हलवली. "तुझ्या वडिलांच्या शंभराव्या दिवसाच्या श्राद्धाला मी आलो नव्हतो. तो राग आहे तुझा."

"राग काय जपून ठेवायचा असतो?"

"मलाच पाठवला होतास ना तो."

मित्सुएने ते सहा फोटो पुन्हा एकेक करून बघितले. खिडकीबाहेर गिरणीच्या बाजूने फेब्रुवारीचा वारा सुटला होता. घड्याळात पाचला पंचवीस कमी.

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"मी? मी काय करू तिथे?"

"मी करत होते तेच. अकरा वर्षं मी तिथे उभी राहिले. तुम्ही तिकडे काय करता, मला कधी दिसलं? आज एकदा तुम्ही उभे राहा. मी बघते."

कात्सुनोरीने डोकं खाजवलं. "कॅमेरा नक्की कुठल्या बाजूला आहे?"

मित्सुएला हसू आवरेना. "धन्य आहे तुमची. अकरा वर्षं त्यातूनच बघितलंत, आणि तो कुठंय माहीत नाही. भाताच्या गिरणीच्या छपराखाली. तिसऱ्या दिव्याच्या खांबाशी उभे राहा. दुसऱ्याशी राहिलात तर अर्धेच याल. गिरणीकडे तोंड करा, छत्री वर करा आणि टोपी काढा, तोंडावर सावली पडते."

"बरं. तू मात्र संगणकाला हात लावू नकोस. सगळं आपोआप होईल."

"मी कशाला हात लावतेय. चहासुद्धा लांब ठेवलाय."

तो गेला आणि तिचा जीव खालीवर व्हायला लागला. हा माणूस वाटेत न्हाव्याशी गप्पा मारत थांबायचा. नाहीतर दुसऱ्याच खांबाशी उभा राहायचा. एकच तर फोटो उरलेला. पाच वाजले. भोंग्यावर धून सुरू झाली, तशी तिची बोटं सवयीने छत्रीची मूठ शोधायला लागली. धून संपली. तिने चष्मा पुसला.

पाच वाजून दोन मिनिटांनी पान स्वतःच उघडलं. आधी नदी आली, मग पूल. तिसऱ्या खांबाशी भाताच्या शिताएवढा एक माणूस होता. टोपी त्याने काढली होती, छत्री मात्र पायाशी ठेवलेली. दोन्ही हात मांड्यांना लावून तो कमरेतून पार खाली वाकला होता. नागोयाच्या साहेबांपुढेही तो कधी इतका वाकला नसेल.

"अहो, वर बघा ना," मित्सुए पडद्याला म्हणाली. तिचा हात केव्हाच वर गेला होता. पान मिटलं, तरी तो तसाच राहिला.

पाऊण तासाने कात्सुनोरी टोफू घेऊन आला. नाक लाल झालं होतं.

"दिसलो का?"

"टक्कल दिसलं," ती म्हणाली. डोळे पुसायचे राहून गेले होते, म्हणून तिने तोंड चुलीकडे वळवलं. "छत्री वर करा म्हटलं होतं ना मी."

"करणारच होतो." त्याने टोफू पाण्यात सोडला आणि बोटं काखेत धरली. "पण त्या तिसऱ्या खांबाशी वारा किती लागतो गं. कधी बोलली नाहीस."