चौथी काच

हिरालालसेठांनी मोटारीचं दार लावलं आणि चारही काचा थंडीत दात वाजावेत तशा खडखडल्या.

"आयकलं? दोन वर्षं झाले, हे आयकून राह्यलो मी," सेठ म्हणाले. "श्रावण, उद्या दुपारी मले या काचाईचा आवाज नाई पाह्यजे. गाडी फाटकातून आत शिरली तरी कोनाले कळलं नाई पाह्यजे."

श्रावणचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. अख्ख्या वर्ध्यात जुन्या मोटारींची नस त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती, त्यामुळे जमणार नाही म्हणायचीही सोय नव्हती. आणि फाटक कोणतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

सत्तावन सालचा कापसाचा हंगाम ऐन भरात होता. श्रावणची बायको पंचफुला सेठांच्या जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात कापूस निवडायला जाई. सहा महिन्यांची अंगावर पिणारी पोर घरी कोणाजवळ ठेवणार? पंचफुला आणि आणखी चौघीजणी आपापली लेकरं कापसाच्या ढिगाआड निजवत. आवारात लेकरू दिसलं तर आईचं नाव कापलं जाईल, असं मुकादमाने बजावलं होतं. दुपारी यंत्रं थांबली की सेठ फेरीला येत. वळणावर मोटार खडखडली रे खडखडली, की बाया लेकरं उचलून मागच्या भिंतीपलीकडे पळत. इंजिनाचा आवाज श्रावणने मागेच घालवला होता. राहता राहिल्या होत्या काचा.

"मंग नीट नका करू," संध्याकाळी पंचफुला म्हणाली. "माहं काम गेलं तं खाल काय?"

सकाळी श्रावणने दारांची आतली बाजू उघडली. काच ज्या खोबणीत वरखाली सरकते, तिचं अस्तर झिजून भुगा झालं होतं. तसलं अस्तर मिळणं कठीण, म्हणून त्याने घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो नमदा आणला, पट्ट्या कापल्या आणि खोबणीत चिकटवल्या. तीन काचा मुकाट्याने वरखाली होऊ लागल्या. चौथ्या दारासाठी पट्टी मात्र त्याने मुद्दाम पातळ कापली. असलं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. त्याला लाज वाटली, पण जीव भांड्यात पडला.

दुपारी सेठ आले. मोटार रेल्वे फाटकापर्यंत नेऊन परत आणली.

"मागची डावी वाजते."

"जुनी गाडी हाये सेठजी. थोडंफार राहीनच."

"तीन नाई वाजत, मंग एकच काऊन वाजते?" सेठांनी स्टूल ओढलं. "कर. मी बसतो."

मालक समोर बसल्यावर कसली आलीय चलाखी? श्रावणने जाड पट्टी कापली आणि नीट बसवली. मोटार निघाली तेव्हा मागे धूळ दिसली, आवाज काही आला नाही. जिन होतं दोन मैलांवर. धावत गेला असता तरी सेठांच्या आधी पोचला नसता. त्या दिवशी त्याच्या हातून एक बोल्ट धड फिरला नाही.

दिवस कलताना पंचफुला आली. पोर कडेवर होती. श्रावणने आधी बायकोचं तोंड पाहिलं, पण त्यावरून काही कळेना.

"सेठ आलते?"

"आलते. कोनालेच नाई कळलं. मी मान वर केली, तं सेठ ढिगापाशी उभे."

"अन् पोरगी?"

"त्याईच्या पायापाशीच निजेल होती."

"नाव कापलं?"

"मुकादम ओरडतच आलता कापाले. पन सेठनं त्याले तोंडावर बोट ठेवून दाखवलं." पंचफुलाला आता हसू आवरेना. "हळूच म्हनले, 'बोंबलू नको बाप्पा. माह्या गाडीनं रोज हे लेकरं उठतात, आज कुठं निजून राह्यले.'"