किरकोळ मुद्दा

"खलाशांचा मुद्दा वगळू या," भारताच्या खुर्चीत बसलेला शर्विल म्हणाला. "किरकोळ आहे तो. आपण व्यापाराचं बोलू."

सरांनी कौतुकाने मान डोलावली. आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षाला वाटाघाटींचं प्रात्यक्षिक असतं. चिठ्ठ्या टाकून देश वाटतात. माझ्या वाट्याला पाकिस्तान आला होता, आणि तशी पुठ्ठ्याची पाटी माझ्यासमोर उभी होती.

माझे बाबा गुजरातेतल्या ओखा बंदरातल्या एका बोटीवर खलाशी होते. मासे धरता धरता बोट समुद्रातल्या हद्दीपलीकडे गेली, तेव्हापासून ते कराचीच्या तुरुंगात आहेत. वर्गात हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मला त्यांची हळहळ नको होती.

शर्विल कापसाच्या दरावर बोलत सुटला होता. अगदी मजेत, खुर्चीत रेलून. माझी कानशिलं तापली. मी उभी राहिले.

"पाकिस्तान सगळ्या खलाशांना आजच सोडतोय," मी म्हणाले. "त्यांच्या बोटींसकट."

वर्ग हसला. सरांनी पेन खाली ठेवलं. "तामोरे, खाली बस. बदल्यात काही न घेता कुणी सोडतं का? याला मी मार्क कसे द्यायचे?"

"मला देऊ नका. शर्विलला देणार?"

"अर्थात. त्याने लवचिकपणा दाखवला."

मी बसले नाही.

"मी पाकिस्तान असून त्यांना सोडलं, सर. हा भारत असून त्यांना मागतसुद्धा नाही."