बंद दारापाशी वाचन

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना बायबल वाचून दाखवायचं काम चर्चने आमच्या आईकडे दिलं होतं. त्यांतला घड्याळजी मात्र देवावर आणि माणसांवर सारखाच रुसलेला. तो दारच उघडायचा नाही. आई त्याच्या पायरीवर बसून बंद दाराला वाचून दाखवायची आणि मी शेजारी लाजेने अर्धी व्हायचे.

"काय बाई, दाराचा बाप्तिस्मा कधी करताय?" वरच्या मजल्यावरची बाई एकदा म्हणाली, आणि हसत हसत तिने फरशी पुसलेलं पाणी वरून ओतलं. वाचन अर्धं टाकून, भिजलेलं पुस्तक छातीशी धरून आई घरी आली.

"पुरे झालं आता ते घर," बाबा चिडून म्हणाले.

आई शेगडीपाशी पानं वाळवत होती. डोळे रडून लाल झाले होते. "दार त्यांचं, वाचणं माझं," एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच पायरीवर. अर्ध्या राहिलेल्या गोष्टीची पानं एकमेकांना चिकटून बसली होती, म्हणून आईने एक स्तोत्र वाचायला घेतलं. दोन ओळी झाल्या नसतील, तोच दाराआडून खरखरीत आवाज आला.

"ते राहू द्या. घर सोडून गेलेला तो मुलगा बापाकडे परत निघाला होता. पोचला का?"

आईची पाठ ताठ झालेली मला अजून दिसते. तिने पुस्तक मिटलं आणि वरच्या मजल्यापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "पोचला हो! बाप वाटच पाहत होता."