डावा गाल

उजवा गाल बिनबोभाट झाला. नाकातली नळी आणि तिच्यावरची चिकटपट्टी सांभाळत न्हाव्याने वस्तरा सावकाश फिरवला, फेस पुसला आणि पलंगाला वळसा घालून तो दुसऱ्या बाजूला गेला. पलंगावर मास्तर होते. आठ महिन्यांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हापासून डोळे उघडे, पण त्यात ओळख म्हणून नाही. डॉक्टरांच्या मते आता उरलं होतं ते नुसतं शरीर. उद्या सकाळी दहाला नळी काढायची असं घरात ठरलं होतं. जाताना नीटनेटके दिसायला हवेत, म्हणून मास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, आज न्हाव्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

डाव्या बाजूला आल्यावर न्हाव्याचा हात चुकला. चुकला म्हणजे कापलं नाही. दुकानात सव्वीस वर्षं जे करत आला तेच त्याने केलं. बोटाच्या पेराने गालावर दोनदा टकटक केलं.

मास्तरांनी गाल फुगवला. आतून जीभ लावून, वस्तऱ्याला हवा तसा.

न्हाव्याने वस्तरा झटकन मागे घेतला. वहिनी तर ताडकन उठल्याच.

"पाहिलंस? पाहिलंस ना गं?"

मुलीने पाहिलं होतं. दर दोन तासांनी बापाला कुशीवर वळवून वळवून तिची पाठ कामातून गेली होती, आणि उद्याच्या कागदावर सही तिचीच होती.

"आई, ते शरीर करतं," ती म्हणाली. "नुसती सवय आहे ती."

"सवय कोणाची?"

मुलगी पलंगावरची चादर सारखी करायला लागली.

"नाही, सांग ना. गालाची? जिभेची? माणूस निघून जातो आणि त्याची सवय तेवढी मागे राहते होय?" वहिनी न्हाव्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही सांगा. त्यांनी तुमचा हात ओळखला ना?"

न्हाव्याला वाटलं, पेटी उचलावी आणि सरळ जिना उतरावा. त्याच्या खुर्चीत निम्मी गिऱ्हाइकं झोपतात. घोरतात, आणि टकटक केलं की गालही फुगवतात, मान वळवतात, वरचा ओठ ताणून धरतात. मास्तर तर त्यांतले मेरुमणी. एकदा अख्खी दाढी घोरत करून घेतली आणि वर, दाढी केलीच नाहीस, म्हणून हुज्जत घातली होती. तेव्हा तो गाल कोण फुगवत होतं, हा प्रश्न न्हाव्याला आजवर पडला नव्हता. वस्तरा चालतोय ना, मग झालं.

हो म्हटलं तर उद्याचं टळणार होतं. मग मुलीची पाठ आणि मास्तरांच्या कंबरेवरची पडून पडून झालेली जखम, दोन्ही तशाच चालू राहणार. नाही म्हटलं तर दहा वाजणार होते. त्याने पुन्हा टकटक केलं नाही. धीरच झाला नाही. दोन बोटांनी गाल ताणून त्याने दाढी पुरी केली.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "तुमच्यापुढे खोटं बोलवत नाही. गाढ झोपलेली माणसंसुद्धा असंच करतात. मास्तर खुर्चीत झोपायचे, तेव्हाही करायचे."

मुलीने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच ती ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली.

वहिनी रडल्या नाहीत. मास्तरांच्या कानाखाली राहिलेला फेस त्यांनी बोटाने पुसला.

"झोपलेल्या गिऱ्हाइकाचं मग तुम्ही काय करता, भाऊ?"

"काय करणार? दाढी झाली की उठवतो."

"कसं?"

"खांद्यावर हात ठेवायचा आणि हाक मारायची."

"मग मारा ना हाक."

न्हाव्याने वस्तरा मिटून ठेवला, हात पुसले आणि एक हात मास्तरांच्या खांद्यावर ठेवला. खांदा चांगला ऊबदार होता.

"मास्तर," तो म्हणाला, "झाली दाढी. उठा आता."

मुलगी रडायची थांबली. डोळे न पुसताच तीही पलंगाजवळ येऊन वाट बघत उभी राहिली.