चौथं कडवं

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी रचलेलं ते गीत सुरू झालं की सगळी मंडळी उभी राहायची. "लेकरू गेलं त्याच दिवशी देवाने त्यांच्याकडून लिहून घेतलं," असं सांगत माणसं डोळे पुसायची. त्यांची बायको तेवढी तीन कडवी गायची आणि चौथ्याला मूग गिळून उभी राहायची. वीस वर्षं हेच. निवृत्तीच्या दिवशी झगा उतरवताना साहेबांनी विचारलंच, "अगं, चौथं तर पोराटोरांना तोंडपाठ आहे. तुझंच का अडतं?"

झग्याची घडी घालत ती म्हणाली, "तीन कडवी आदल्या दिवशीच झाली होती. चौथ्यासाठी तुम्ही दार लावून घेतलंत. तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन मी बाहेरून दार वाजवत होते, आणि तुम्ही आतून म्हणालात, 'थांब, एवढं कडवं होऊ दे.'"